वातानुकूलित लष्करी रुग्णवाहिकेची उष्ण हवामानातली चाचणी : नव्याने काम हाती घेणाऱ्यांसाठी

एसी चालू केला, व्हेंटसमोर हात धरला, हात गार पडला, म्हणजे गाडी पास. या कामात नवा आलेला माणूस बहुतेक वेळा असंच धरून चालतो. पण व्हेंटमधून १२ अंशांची हवा येत असताना त्याच गाडीत वरच्या स्ट्रेचरवर ३५ अंशांच्या पुढे तापमान असू शकतं. छत तापलेलं असतं, गार हवा खालून वाहून जाते आणि मागचं दार वारंवार उघडत असतं. म्हणून पहिल्या दिवसापासून एक गोष्ट मनाशी पक्की ठेवा. स्ट्रेचरवर पडलेल्या, स्वतःहून कूसही बदलू न शकणाऱ्या माणसाभोवती किती तापमान आहे आणि वैद्यकीय सहायकाला ते हवं तसं ठेवता येतं का, हे आपल्याला शोधायचं आहे. यंत्राची क्षमता हा त्यातला एक तुकडा झाला.

पुढे दिलेला क्रम चाचणी पथकात आलेले अभियंते, तंत्रज्ञ आणि वैद्यकीय शाखेतून पाठवलेले लोक या सगळ्यांसाठी आहे. तापमान सगळीकडे सेल्सिअसमध्ये आहे.

पहिली पायरी : रुग्ण समजून घ्या

अभियंत्यांना ही पायरी ओलांडून थेट सेन्सर लावायची घाई असते. तसं करू नका. इथे दोन दिवस घालवलेत तर पुढच्या सगळ्या चाचण्यांना दिशा मिळते.

उष्माघाताच्या रुग्णाचं शरीराच्या आतलं तापमान ४० अंशांच्या वर गेलेलं असतं आणि मेंदूवर परिणाम झालेला असतो: तो बडबडतो, गोंधळतो, बेशुद्ध पडतो. अशा वेळी साधारण ३० मिनिटांच्या आत ते तापमान ३९ च्या खाली आणायचं असतं. त्यावर सगळ्यात परिणामकारक उपाय म्हणजे थंड पाण्यात बुडवणं, आणि म्हणूनच 'आधी थंड करा, मग हलवा' हा नियम आहे. गार हवा हे काम इतक्या वेगाने करू शकत नाही. रुग्णवाहिकेचा एसी उष्माघातावरचा उपचार नव्हे; बाहेर मिळवलेला थंडावा वाटेत निसटू न देणं आणि ओल्या अंगावरून कोरडी हवा खेळती ठेवणं, एवढंच त्याचं काम. त्यामुळे तपासणीच्या यादीत बर्फाची पेटी कुठे बसते, अंगावर ओतलेलं पाणी जमिनीवरून कुठून निघून जातं, ओली चादर आणि वायरिंग एकमेकांना भिडतात का, हे प्रश्नही यायला हवेत.

आता दुसरा रुग्ण घ्या: गोळी किंवा स्फोटाने जखमी, खूप रक्त गेलेला. त्याचं शरीर उष्णता तयार करण्यात कमी पडतं. तापमान ३५-३६ च्या खाली घसरलं की रक्त गोठण्याची प्रक्रिया बिघडते, रक्तातलं आम्ल वाढतं, आणि घसरलेलं तापमान, वाढलेलं आम्ल व न गोठणारं रक्त ही तिन्ही एकमेकांना खाली ओढत नेतात. हे भर वाळवंटातही घडतं. कपडे कापून काढलेल्या, रक्ताने भिजलेल्या माणसाच्या छातीवर १२ अंशांचा झोत सोडणं म्हणजे त्याला इजा करणं. गाडी जितकी गार तितकी चांगली, असं समजणाऱ्या चाचणीत हा रुग्ण पूर्ण निसटतो.

म्हणजे एकाच गाडीत, एकाच फेरीत एकाला थंडावा हवा आणि दुसऱ्याला ऊब. बहुतेक गाड्यांत प्रत्येक स्ट्रेचरचं वेगळं नियंत्रण नसतं. तेव्हा निदान एवढं तपासा: प्रत्येक स्ट्रेचरजवळचे व्हेंट पूर्ण बंद होतात का, दिशा वळवता येते का, हे सगळं हातमोजे घातलेल्या हाताने अंधारात जमतं का, आणि एक व्हेंट बंद केल्यावर बाकीच्यांचा प्रवाह किती बदलतो.

तिसरा माणूस वैद्यकीय सहायक. आडवा पडलेला माणूस साधारण १०० वॅट उष्णता सोडतो; चिलखत आणि हेल्मेट घालून गुडघ्यावर बसून काम करणारा माणूस सहज २५० ते ३०० वॅट. त्याला चक्कर आली तर गाडीतल्या सगळ्यांची काळजी घेणारं कुणी उरत नाही. त्याच्या बसण्याच्या आणि वाकून काम करण्याच्या जागी वेगळी मोजमापं घ्या.

दुसरी पायरी : कोणतं ऊन, ते ठरवा

'उष्ण हवामान' हा शब्द चाचणीच्या आराखड्यात कधीच एकटा लिहू नका. अमेरिकी लष्कराचं मिल-एसटीडी-८१० हे मानक आणि नाटोची संबंधित मानकं हवामानाचे गट पाडून देतात. ए-१ या अतिउष्ण कोरड्या गटात दिवसभरात हवेचं तापमान ३२ ते ४९ अंशांमध्ये फिरतं आणि सूर्यकिरणांचा सर्वोच्च भार दर चौरस मीटरला ११२० वॅट धरला जातो. त्याच गटात बंद जागेत साठवलेल्या सामानाला ७१ अंशांपर्यंत तोंड द्यावं लागतं. ए-२ मध्ये कमाल ४३-४४ च्या आसपास. बी-३ हा उष्ण-दमट किनारी वाळवंटाचा गट: ३१ ते ४१ अंश, पण आर्द्रता ८८ ते ५९ टक्के. पर्शियन आखात आणि तांबड्या समुद्राचे किनारे याच प्रकारचे.

नवख्यांची दोन ठिकाणी हमखास फसगत होते. पहिली म्हणजे बंद चेंबरमध्ये ४९ अंश लावले की ए-१ झालं, असं वाटणं. सूर्याचे दिवे नसतील तर ते ए-१ नाही. ४९ हे सावलीतल्या हवेचं तापमान आहे. उन्हातलं छत त्याच्या कितीतरी वर जातं. दुसरी म्हणजे ए-१ मध्ये पास झालेली गाडी ४१ अंशांच्या किनाऱ्यावर आपोआप चालेल, असं मानणं. यातलं दुसरं का चुकतं ते पुढच्या हिशेबात दिसेल.

तिसरी पायरी : उष्णतेचा हिशेब कागदावर मांडा

गाडीला हात लावण्याआधी हा हिशेब करा. आकडे ढोबळ असले तरी चालतील. नंतरची मोजमापं खरी वाटतात की नाही हे त्यांच्यामुळे कळतं.

छतापासून सुरुवात करा. २ मीटर रुंद आणि साडेतीन मीटर लांब छत म्हणजे ७ चौरस मीटर. गडद हिरव्या रंगाचा पत्रा अंगावर पडणाऱ्या उन्हातलं ९० टक्क्यांच्या आसपास शोषतो, म्हणजे भर दुपारी सुमारे ७ किलोवॅट. त्यातला बराचसा भाग वाऱ्याने आणि उष्णतेच्या प्रारणाने परत बाहेर जातो, पण आत किती झिरपतं हे छताच्या अस्तरावर अवलंबून असतं. पांढरा रंग यातलं पाव-तृतीयांशच शोषतो. म्हणून चाचणी प्रत्यक्ष वापरातल्या रंगाच्या गाडीवरच घ्या. कारखान्यातून आलेली पांढऱ्या प्रायमरची गाडी चाचणीला उभी केली तर सगळी मेहनत वाया.

मग ताजी हवा. नागरी रुग्णवाहिकांसाठीचं युरोपीय मानक ईएन १७८९ उभ्या गाडीत तासाला किमान २० वेळा हवा बदलली जावी असं सांगतं. हा आकडा हिशेबाला सोयीचा आहे. १० घनमीटरच्या कक्षात त्याचे तासाला २०० घनमीटर होतात. बाहेर ४९ अंश कोरडी हवा आणि आत २५ ठेवायचे असतील, तर केवळ ही हवा गार करायला सुमारे दीड किलोवॅट लागतात. आता बाहेर ३५ अंश आणि ७५ टक्के आर्द्रता घ्या. हवा गार करायचा भार अर्ध्याहून कमी होतो, पण तिच्यातली वाफ पाणी करून काढायला अडीच किलोवॅटहून जास्त लागतात. बेरीज केली तर ३५ अंशांचा दमट दिवस ४९ अंशांच्या कोरड्या दिवसापेक्षा ताज्या हवेपुरता दुप्पट जड पडतो. आराखड्यात बी-३ गट नसेल तर तो घालण्यासाठी भांडा.

ताजी हवा बंद करून एसी 'चांगला' दाखवायचा मोह होतो. पूर्ण रीसर्क्युलेशनवर, म्हणजे आतलीच हवा फिरवत ठेवून, मिळालेला आकडा मुख्य निकाल म्हणून कधीही मान्य करू नका. रुग्णाच्या मास्कमधून ऑक्सिजन निसटत असतो, आणि हवेत तो साडेतेवीस टक्क्यांच्या वर गेला की आगीचा धोका वाढतो. रासायनिक हल्ल्यापासून बचावाची फिल्टर यंत्रणा असेल तर ती चालू ठेवून वेगळी फेरी घ्या, कारण तिचा पंखाही हवेत उष्णता टाकतो.

शेवटी माणसं आणि उपकरणं: चार स्ट्रेचर, सहायक, मॉनिटर, सक्शन, दिवे. अमेरिकी एम-९९७ हमवी रुग्णवाहिका किंवा स्ट्रायकर या चिलखती गाडीची वैद्यकीय आवृत्ती, दोन्हींत चार स्ट्रेचर बसतात. तेवढ्या जागेत माणसांचीच उष्णता पाऊण किलोवॅटपर्यंत जाते.

चौथी पायरी : सेन्सर कुठे लावायचे

प्रत्येक स्ट्रेचरवर किमान तीन: डोकं, छाती, पाय. उंची म्हणजे पडलेल्या माणसाच्या अंगापासून १० सेंटीमीटर वर. सहायकाच्या बसण्याच्या जागी घोटा, कंबर आणि डोक्याच्या उंचीला तीन. औषधांच्या कप्प्यात एक, ऑक्सिजन सिलिंडरच्या पृष्ठभागावर एक, छताच्या आतल्या अस्तरावर दोन. प्रत्येक व्हेंटमध्ये आणि परतीच्या जाळीत एकेक. बाहेर सावलीत हवेचा एक आणि कंडेन्सरमध्ये (एसीची उष्णता बाहेर टाकणारी जाळी) शिरणाऱ्या हवेत दोन-तीन. हे शेवटचे बहुतेक जण विसरतात आणि नंतर एसी का बंद पडला याचं उत्तर त्यांना सापडत नाही.

हवेचा सेन्सर तापलेल्या पत्र्याच्या 'नजरेत' असेल तर तो हवेऐवजी पत्र्याचीच उष्णता दाखवतो. त्याला चकचकीत आडोसा द्या. पण माणसाच्या अंगाला ती पत्र्याची उष्णता जाणवतेच, म्हणून वरच्या स्ट्रेचरजवळ काळा गोळा असलेला थर्मामीटरही ठेवा. १५० मिलिमीटर व्यासाचा काळा गोळा, नैसर्गिक ओला थर्मामीटर (टोकाला ओलं कापड गुंडाळून उघड्या हवेत ठेवलेला) आणि साधा थर्मामीटर यांतून डब्ल्यूबीजीटी हा उष्णतेच्या ताणाचा निर्देशांक काढतात. उन्हात ओल्याचे ७० टक्के, गोळ्याचे २० टक्के, साध्याचे १० टक्के. घरात किंवा गाडीत ऊन नसेल तेव्हा ओल्याचे ७० आणि गोळ्याचे ३०. हा निर्देशांक १९५० च्या दशकात अमेरिकी मरीनच्या प्रशिक्षण तळांवर उष्माघात टाळण्यासाठीच घडवला गेला. त्यातला ओल्या थर्मामीटरचा वाटा बघा: घाम सुकतो की नाही, यावर बाकी सगळं टांगलेलं आहे.

रुग्णांच्या जागी तापवलेले पुतळे ठेवा. ते नसतील तर १०० वॅटचे हीटर कापडात गुंडाळून चालतात. घामाच्या वाफेसाठी ओली कापडं लागतात, नाहीतर आर्द्रतेचा भार खोटा कमी दिसेल. सगळे सेन्सर चाचणीच्या आधी आणि नंतर एकाच पाण्याच्या भांड्यात बुडवून एकमेकांशी जुळवून पाहा. ज्याच्या दोन्ही नोंदी जुळत नाहीत त्याचे आकडे टाकून द्या.

पाचवी पायरी : माणसांची सुरक्षा, चाचणी सुरू करण्याआधी

आपणही त्याच उन्हात उभे असतो. उष्णतेची सवय व्हायला शरीराला ७ ते १४ दिवस लागतात. नवे आलेले लोक पहिल्या आठवड्यात लांबच्या फेरीवर नकोत. कुणीही एकट्याने बंद गाडीत बसायचं नाही. आत बसणारा स्वयंसेवक असेल तर बाहेरून त्याच्याशी सतत बोलणं चालू हवं आणि कोणत्या आकड्याला फेरी थांबवायची हे आधी लेखी हवं. थंड पाण्याचं टब आणि बर्फ चाचणीच्या जागी तयार हवा, येणाऱ्या गाडीत नव्हे. एसी बंद पाडून बघायच्या फेऱ्या आधी पुतळ्यांवर घ्या. माणूस बसवायची वेळ आलीच तर डॉक्टरांच्या मंजुरीनंतर. कानाचा किंवा कपाळाचा थर्मामीटर तापलेल्या माणसात खोटा दिलासा देतो. संशय आला तर गुदमार्गाने घेतलेलं तापमानच खरं धरा.

सहावी पायरी : गाडी उन्हात मुरू द्या, मग थंडावू द्या

गाडी बंद करून, दारं-खिडक्या लावून, छतावर सर्वाधिक ऊन येईल अशी उभी करा. आतलं तापमान स्थिरावेपर्यंत थांबा. हवा लवकर तापते, पण गाद्या, पत्रे, अस्तर, सिलिंडर यांना कितीतरी जास्त वेळ लागतो. तासाभरात घाईने सुरू केलेली फेरी सगळ्यांत गोड निकाल देते, कारण सामानात साठलेली उष्णता अजून आत शिरलेलीच नसते. मिल-एसटीडी-८१० च्या ५०१ क्रमांकाच्या पद्धतीत साठवणुकीसाठी किमान ७ आणि चालवण्यासाठी किमान ३ दैनिक चक्रं सांगितली आहेत. उन्हाच्या किरणांसाठी ५०५ ही वेगळी पद्धत आहे.

मग इंजिन चालू, एसी पूर्ण, आणि दर मिनिटाला नोंद. आलेख काढा. किती मिनिटांत किती उतरलं याबरोबर दोन गोष्टी बघा: वरच्या आणि खालच्या स्ट्रेचरमधला फरक किती, आणि शेवटी आलेख सपाट झाला तो कुठे. एक स्ट्रेचर २३ वर आणि दुसरं ३२ वर असेल तर सरासरी साडेसत्तावीस दिसायला बरी, पण त्या सरासरीत कुणीच झोपलेलं नाही. अहवालात नेहमी सगळ्यांत गरम आणि सगळ्यांत थंड स्ट्रेचर द्या.

या वेळी पत्र्यांचंही तापमान मोजा. जिवंत त्वचेला धातू ५१ अंशांवर एका मिनिटात, ४८ वर दहा मिनिटांत भाजू शकतो. आणि सलग आठ तासांचा संपर्क असेल तर ४३ अंशांच्या वर कोणताच पृष्ठभाग सुरक्षित नाही. शुद्धीतला माणूस हात मागे घेतो. बेशुद्ध माणसाची कोपरं स्ट्रेचरच्या तापलेल्या दांडीला टेकून राहतात. दांड्या, बकल, बाजूचे कठडे सगळे यादीत घ्या.

सातवी पायरी : उभी गाडी. खरी परीक्षा इथे

रस्त्यावर ६० च्या वेगाने धावणाऱ्या गाडीचा एसी जवळजवळ नेहमी चांगला दिसतो. पण लष्करी रुग्णवाहिका बराच काळ उभी असते: जखमी येण्याची वाट बघत, ताफ्यात रखडलेली, हेलिकॉप्टरच्या जागेशी थांबलेली. तेव्हा इंजिन मंद फिरत असतं, म्हणून त्यावर फिरणारा कॉम्प्रेसर, म्हणजे एसीतला वायू दाबणारा पंपही मंद. कंडेन्सरवर वाऱ्याचा झोत नसतो. वर त्याच्यातून निघालेली गरम हवा वळून परत त्याच्याच तोंडाशी येते, विशेषतः मागून वारा असेल तर.

यात काय घडतं ते दाबाच्या भाषेत समजून घ्या. आर-१३४ए हा एसीत फिरणारा वायू ६० अंशांवर द्रवरूप होताना सुमारे १७ बार निरपेक्ष दाब असतो, ७० अंशांवर २१ च्या पुढे. बाहेर ४९ अंश असताना कंडेन्सरच्या तोंडाशी ५५-६० अंशांची हवा आली की यंत्रणा त्या ७० च्याही वर ढकलली जाते आणि शेवटी उच्च दाबाचा स्विच कॉम्प्रेसर बंद करतो. काही मिनिटांनी तो परत चालू करतो, परत बंद करतो. आत बसलेल्याला फक्त एवढंच कळतं की हवा कधी गार, कधी कोमट. म्हणून दोन्ही बाजूंचे दाब आणि कॉम्प्रेसरच्या क्लचचा विद्युत्प्रवाह नोंदवल्याशिवाय ही फेरी अपुरी समजा. कार्बन डायऑक्साइडवर चालणारी एसी यंत्रणा समोर आली तर तिला इथे अधिक वेळ द्या: तो वायू ३१ अंशांच्या वर द्रवरूप होतच नाही, त्यामुळे उष्ण दिवशी तिचं वागणं पूर्ण वेगळं असतं.

उभ्या गाडीची फेरी किमान दोन तासांची हवी, चारही दिशांना तोंड करून, आणि वारा पाठीमागून असताना एकदा नक्की. कक्षातला कार्बन मोनॉक्साइडही त्याच वेळी मोजा, दार उघडं असताना आणि बंद असताना. विजेची बाजूही इथेच उघडी पडते: तापलेला अल्टरनेटर मंद गतीला कमी वीज देतो आणि पंखे, मॉनिटर, सक्शन, रेडिओ सगळे एकदम मागत असतात. बॅटरीचं व्होल्टेज हळूहळू उतरत असेल तर दोन तासांनी गाडी सुरूच होणार नाही, हा शोध रणांगणावर लागायला नको.

आता दार. एक स्ट्रेचर आत घ्यायला लागणारा खरा वेळ मोजा आणि तेवढा वेळ दोन्ही पाती उघडी ठेवा. मग बंद करून तापमान परत यायला किती मिनिटं लागतात ते पाहा. चार जखमींची चढ-उतार सलग करा. कागदावर ताकदवान वाटणाऱ्या यंत्रणा यात गळपटतात, तर साधा पडदा लावलेली मध्यम यंत्रणा टिकते. हवेचा पडदा किंवा पट्ट्यांचा पडदा सुचवण्यात संकोच करू नका.

आठवी पायरी : चढ, धूळ, खड्डे

कंडेन्सर बहुधा इंजिनच्या रेडिएटरपुढे असतो, म्हणजे एसी जितका जोर लावतो तितकी गरम हवा इंजिनला मिळते. पूर्ण भार, पहिला-दुसरा गिअर, वाळूतला चढ, अशी फेरी घ्या आणि इंजिनच्या पाण्याचं तापमान नोंदवा. काही गाड्यांत इंजिन तापलं किंवा ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला की कॉम्प्रेसर आपोआप सुटतो. चालकाला ते सोयीचं आहे, पण मागे रुग्ण असताना तो किती मिनिटं सुटलेला राहतो हे कुणीतरी मोजलं पाहिजे.

धुळीसाठी त्याच मानकात ५१० क्रमांकाची पद्धत आहे. १५० मायक्रॉनपेक्षा बारीक ती धूळ, त्याच्या वर वाळू. धुळीच्या फेरीनंतर कंडेन्सर साफ न करता उभ्या गाडीची फेरी परत घ्या. मग साफ करा, परत घ्या. या दोन निकालांतला फरक म्हणजेच देखभालीचं वेळापत्रक. कंडेन्सर साफ करायला किती बोल्ट काढावे लागतात, हेही लिहा. एखाद्या गाडीत अर्धा तास हवा असेल तर तो कुणी रोज काढणार नाही.

खराब रस्त्यावरची फेरी थोडक्यात: आधी थंडाव्याची चाचणी, मग खड्डे, मग गॅसगळती शोधक घेऊन प्रत्येक सांधा, मग तीच थंडाव्याची चाचणी. शेवटची पायरी वेळ संपला म्हणून गाळतात. गाळू देऊ नका.

नववी पायरी : एसी मुद्दाम बंद पाडा

पूर्ण भारावर, भर दुपारी, आतलं तापमान स्थिर असताना कॉम्प्रेसर बंद करा. स्ट्रेचरजवळचा डब्ल्यूबीजीटी धोक्याच्या रेषेवर जायला किती मिनिटं लागतात? हा आकडा पथकप्रमुखाला सगळ्यांत उपयोगी पडतो, कारण त्यावरून तो ठरवतो की पुढे जायचं, थांबून दारं उघडायची, की रुग्ण दुसऱ्या गाडीत हलवायचे.

मग पर्यायांची चाचणी करा: छताची झडप, बाहेर हवा फेकणारा पंखा, ओल्या चादरी, पाण्याच्या बाष्पीभवनाचा कूलर. शेवटचा पर्याय कुठे चालतो हे आकड्यांत सांगा. ४५ अंश आणि १० टक्के आर्द्रतेत ओल्या थर्मामीटरचं तापमान २१ च्या आसपास असतं, म्हणजे कूलरला खूप वाव आहे. ३५ अंश आणि ७५ टक्क्यांत तेच ३१ असतं. तिथे कूलर रुग्णाभोवतीची हवा अधिक दमट करून घाम सुकणंच थांबवतो.

दहावी पायरी : औषधं, ऑक्सिजन, उपकरणं

बहुतेक औषधांच्या वेष्टनावर २० ते २५ अंशांची साठवण आणि १५ ते ३० पर्यंतची सूट लिहिलेली असते. लाल रक्तपेशी १ ते ६ अंशांत साठवतात, स्नायू शिथिल करणाऱ्या काही इंजेक्शनांना २ ते ८ लागतात. उलट मॅनिटॉल हे शिरेतून देण्याचं औषध फार गार झालं तर त्यात खडे धरतात, त्यामुळे औषधांचा कप्पा थेट व्हेंटच्या तोंडाशीही नको. गाडी बंद करून उन्हात उभी असते ते तास कप्प्यासाठी सगळ्यांत वाईट. फक्त चालत्या गाडीतले आकडे देऊ नका.

२० अंशांवर भरलेल्या ऑक्सिजन सिलिंडरचा दाब ६० अंशांवर सुमारे १४ टक्के वाढतो, आणि सिलिंडर ५२ अंशांच्या वर जाऊ नये हा सर्वमान्य नियम आहे. बाहेरच्या बाजूच्या कप्प्यात, पत्र्याला टेकून ठेवलेल्या सिलिंडरवर लावलेला सेन्सर इथे उपयोगी पडतो. मॉनिटर, डिफिब्रिलेटर, व्हेंटिलेटर यांची कमाल मर्यादा उत्पादकाच्या पुस्तिकेत बघा. लिथियम बॅटऱ्या बऱ्याचदा ४५ अंशांच्या वर चार्ज व्हायला नकार देतात, म्हणून तापलेल्या गाडीत शिरल्यावर पहिल्या दहा मिनिटांत उपकरण सुरू होतं का, हे प्रत्यक्ष बटण दाबून पाहा.

चाचणी कुठे घ्यायची आणि काय लिहायचं

चेंबर आणि खरं वाळवंट, दोन्ही लागतात. अमेरिकेत फ्लोरिडातल्या एग्लिन हवाई तळावरची मॅकिन्ली हवामान प्रयोगशाळा १९४७ पासून अशी कामं करते, आणि ॲरिझोनातलं युमा चाचणी केंद्र सोनोरन वाळवंटात आहे. चेंबरमध्ये तोच दिवस हवा तितक्या वेळा परत आणता येतो, त्यामुळे दोन गाड्यांची तुलना तिथे करावी. बदलता वारा, जमिनीवरून परतणारी धग, बारीक धूळ आणि थकलेली माणसं फक्त मैदानात भेटतात. वेळ एकाचाच असेल तर मी मैदान निवडेन आणि हवामानाची नोंद दर मिनिटाला ठेवेन, म्हणजे निकाल नंतर ए-१ किंवा बी-३ शी जोडून बघता येतो.

अहवालाच्या पहिल्या पानावर यंत्राची किलोवॅट क्षमता नको. तिथे तीन ओळी हव्यात: कोणत्या हवामानात, किती रुग्ण आणि किती ताजी हवा असताना, सगळ्यांत गरम आणि सगळ्यांत थंड स्ट्रेचरवर किती तापमान राहिलं, उभ्या गाडीत ते किती वेळ टिकलं, आणि एसी गेल्यावर हाताशी किती मिनिटं उरतात. जी गाडी ४३ पर्यंत चालते आणि ४९ ला चालत नाही तिला 'नापास' एवढाच शिक्का मारू नका. ती कुठल्या महिन्यात, कुठल्या वेळेला, किती रुग्ण घेऊन चालेल हे लिहा, कारण ती गाडी कुठे ना कुठे पाठवली जाणारच आहे.

आणि अहवालाला गाडीची त्या दिवशीची पूर्ण रचना जोडा: रंग, छतावरचे अँटेना, अतिरिक्त चिलखत, जाळ्या, छलावरण. पुढे कुणी कंडेन्सरसमोर चिलखताची एक प्लेट वाढवली किंवा छतावर पेटी बसवली, तर सातव्या पायरीतली उभ्या गाडीची फेरी परत घ्यायची, ही अट त्याच पानावर लेखी असू द्या.